पासंग

हे मी लिहिणार नव्हतो. दोनदा मोबाइलवर टाइप केलं आणि दोनदा पुसलं. एकदा तर जवळजवळ सगळं लिहून झालं होतं, तेवढ्यात गिऱ्हाईक आलं, आणि त्याचा काटा उघडून परत मिटेपर्यंत मला माझीच इतकी लाज वाटली की सगळं उडवून टाकलं. मला लिहायला कुणी शिकवलेलं नाही. शाळेत निबंधाला दहापैकी पाचाच्या वर कधी गेलो नाही. पण इलेक्ट्रॉनिक काटे दुरुस्त करायलाही मला कुणी शिकवलं नव्हतं, व्हिडिओ बघत, दोनचार काटे कायमचे झोपवत शिकलो. तेव्हा हेही तसंच. मधे मधे थांबेन. गिऱ्हाईक आलं की.

एकोणतीस. सुरुवात त्या आकड्यापासून. आहारवाल्या मॅडमनी कागदावर पेनाचं टोक टेकवलं आणि बाबांना म्हणाल्या, "काका, तुमच्या वहीप्रमाणे तुम्ही दिवसाला चोवीस ग्रॅम प्रोटीन खाता. तुमची लघवी मात्र एकोणतीस म्हणतेय." बाबा म्हणाले, "लघवी माझ्यापेक्षा जास्त शिकलेली दिसते." मॅडम हसल्या. आई हसली नाही. मी हसायला तोंड उघडलं आणि ते तसंच उघडं राहिलं, कारण माझ्या डोक्यात आपोआप गणित झालं होतं. चोवीस गुणिले सहा, भागिले पाच. अठ्ठावीस पूर्णांक आठ. त्या खोलीत भिंतीवर किडनीचं मोठं चित्र होतं, कापलेल्या फळासारखं, आतून लाल-निळ्या नळ्या. मी त्या चित्राकडे बघत बसलो. चोवीस तासांची लघवी बाबांनी प्लास्टिकच्या कॅनमध्ये साठवली होती, एक थेंब बाहेर जाऊ दिला नव्हता, कॅन दुहेरी पिशवीत घालून मांडीवर ठेवून बसने आणला होता, आणि शेजारच्या बाईंनी "तेल का?" विचारल्यावर "घरचंच" म्हणाले होते. त्या कॅनमधून, सहा आठवड्यांनी, माझी चोरी बाहेर आली होती. नुसती आली नव्हती, मापात आली होती. सहाला पाच. हे गुणोत्तर जगात फक्त मला माहीत होतं. म्हणजे मला आणि चष्म्याला. चष्मा म्हणजे माझा दोस्त, आमच्या शेजारी त्याचं चष्म्याचं दुकान आहे, तो मला काट्या म्हणतो, मी त्याला चष्मा.

आमचं दुकान काटे दुरुस्तीचं. बाबांनी काढलेलं. आधी दांडीचे तराजू, मग घड्याळासारखे गोल काटे, मग मी आलो आणि माझ्यामागून इलेक्ट्रॉनिक आले. बाबांना त्यातलं कळत नाही आणि त्याचं त्यांना दुःखही नाही. "तुझ्या काट्याच्या पोटात काय चाललंय ते दिसत नाही," म्हणायचे, "माझी दांडी उघडी असते." पण त्यांचा खरा काटा म्हणजे त्यांचा डावा हात. उजव्या हातात कायम कानस नाहीतर स्क्रू-ड्रायव्हर, म्हणून वजन डाव्यात. कुणी काही आणून दिलं की तळहातावर घेऊन दोनदा अलगद उडवायचे, जागच्या जागी, लहान बाळाला उडवतात तसं, आणि आकडा सांगायचे. मी लहानपणी शाळेतून येऊन त्यांच्या हातावर काहीही ठेवायचो. खोडरबर. कुलूप. एकदा मेलेली पाल कागदात गुंडाळून. "चार ग्रॅम, आणि फेकून ये," ते न उघडताच म्हणाले होते. मी काट्यावर ठेवून बघितलं. चार.

आणि पासंग. हा शब्द आता फक्त म्हणीत राहिलाय, तू त्याच्या पासंगालाही पुरणार नाहीस वगैरे. पण ती खरी वस्तू आहे. तराजूचं एक पारडं हलकं निघालं की त्याला शिशाचा नाहीतर पत्र्याचा छोटा तुकडा बांधतात, दोन्ही पारडी सारखी व्हावी म्हणून. तो पासंग. बाबांचा त्यात एकच नियम. पासंग उघडा बांधायचा, गिऱ्हाइकाला दिसेल असा, दोरीला वर. पारड्याच्या बुडाला चिकटवलात की त्याचं नाव चोरी. लोक यायचे, "बुडाला लावून द्या की, कोण बघतंय," म्हणायचे. बाबा तराजू परत त्यांच्या हातात द्यायचे. भांडायचे नाहीत. नुसता परत द्यायचे.

दीड वर्षापूर्वी पाय सुजले. मग तपासण्या, मग डॉक्टर म्हणाले किडन्या पाव भागही चालत नाहीयेत. आईने विचारलं, बऱ्या होतील ना. डॉक्टर म्हणाले, "बऱ्या होणार नाहीत. पण आहेत त्या जपून वापरल्या तर बरेच दिवस पुरतील." बाबांना हे वाक्य आवडलं. त्यांना असं बोलणं कळतं. तराजूची दांडी जिच्यावर टेकते ती सुरी झिजली की नवी येत नाही, पण वजन कमी टाकलं की टिकते. मग आहारवाल्या मॅडमकडे पाठवलं. त्या म्हणाल्या, प्रोटीन पचलं की त्यातून कचरा होतो, तो किडनीने उपसायचा असतो. तुमची किडनी दमलीय, म्हणून कचराच कमी करायचा. मासा, अंडं, दूध, डाळ, सगळं मोजून, आणि जे जे खाल ते वहीत लिहून. आणि अंग झिजू नये म्हणून या गोळ्या. पिवळट, मोठ्या, प्रत्येक जेवणाबरोबर चार. "यात प्रोटीनचा सांगाडा आहे, कचरा नाही," त्या म्हणाल्या. "शरीर आपलाच पडलेला कचरा उचलून त्या सांगाड्यावर लावतं आणि प्रोटीन बनवतं. पण जेवणाबरोबरच घ्यायच्या, आणि पोटभर खायचं. पोट रिकामं ठेवलंत तर गोळ्याच जळून जातील." बाबा म्हणाले, "म्हणजे पासंग." मॅडमना कळलं नाही. त्यांनी समजावलं. जेवणाचं पारडं हलकं झालं, तेवढा तुकडा वर बांधायचा, उघडा. मॅडमनी तो शब्द कागदावर लिहून घेतला. बाहेर आल्यावर बाबा आईला म्हणाले, "बघ, डॉक्टरीणबाईंना मी शिकवून आलो." आई म्हणाली, "फी मागायची होती मग."

घरात छोटा काटा मीच आणला. इलेक्ट्रॉनिक, पांढरा, एक-एक ग्रॅम दाखवणारा. पहिल्या दिवशी बाबांनी दुकानातली पितळी वजनं घरी आणून तो तपासला. पाच, दहा, पन्नास, शंभर. "बरोबर," म्हणाले, आणि वजनं परत नेली. त्यानंतर कधी तपासला नाही. त्यांच्या डोक्यात तो माझ्या हातचा काटा होता. हे मी आता लिहितोय तेव्हा बोटं थांबतायत. वजनं दुकानात होती, दुकान घरापासून सहा मिनिटांवर, एक वजन खिशात घालून आणलं असतं तर सगळं तिथेच संपलं असतं. नाही आणलं.

तीस ग्रॅम मासा किती असतो ते मोजल्याशिवाय कळत नाही. आगपेटीएवढा. बाबा पहिल्या दिवशी म्हणाले, "हा अजून पोहायला शिकला नव्हता वाटतं." आई तोंड फिरवून हसली. दुसऱ्या दिवशीही तो विनोद झाला, तिसऱ्या दिवशी झाला नाही. बाबा खायचे, म्हणजे ताटलीभर पसरून, कडेपासून आत, आणि संपल्यावर रिकाम्या ताटलीकडे बघायचे. तक्रार नाही. हीच खरी तक्रार. भात थोडाच घ्यायचे, बटाटा अर्धा, पावाला लोणी लावायचे नाहीत. एका संध्याकाळी दुकानात त्यांनी कमरेचा पट्टा काढून बाकावर ठेवला आणि दाभणाने त्याला नवीन भोक पाडलं. आधीच्या दोन भोकांच्या आत. भोक पाडून त्यावर फुंकर मारली, कानशीचा कीस उडवतात तशी, आणि पट्टा लावला. मी बाकाच्या पलीकडे मान खाली घालून सोल्डरिंग करत होतो. धूर डोळ्यात गेला असं मी स्वतःला सांगितलं. नंतर त्याच आठवड्यात वीस किलोचं वजन उचलायला ते वाकले आणि सरळ न उचलता फरशीवरून ओढत नेलं. लोखंड फरशीवर घासल्याचा तो आवाज मला पुढे कितीतरी दिवस कुठेही ऐकू यायचा, बस वळताना, वरच्या मजल्यावर कुणी खुर्ची सरकवली तरी.

मी व्यायामाचे व्हिडिओ बघणारा माणूस. प्रोटीन म्हणजे ताकद, एवढं मला पक्कं माहीत होतं. ज्याला एवढं पक्कं माहीत असतं त्याला दुसरं काही ऐकू येत नाही. मॅडमनी सांगितलेलं मी ऐकलं होतं, सांगाडा, कचरा, सगळं. पण डोळ्यासमोर पट्टा होता. बाबांना उघड सांगून एक घास जास्त खाऊ घालणं शक्य नव्हतं. काट्यावर तीस म्हटलं की तीस. मग एका मंगळवारी दुपारी आई बाहेर गेली होती, मी दुकानातून अर्ध्या किलोचं आणि शंभरचं अशी दोन वजनं घरी आणली. इलेक्ट्रॉनिक काटा लावताना त्याला एकदा सांगावं लागतं की हे बघ, हे पाचशे. तो मुकाट्याने मान्य करतो. मी त्याच्यावर सहाशे ठेवलं आणि सांगितलं, हे पाचशे. चाळीस सेकंद लागले. तेव्हापासून छत्तीस ग्रॅम मासा तीस दाखवायचा. वजनं रुमालात गुंडाळून परत आणताना मला इतकं हलकं वाटत होतं की मी शीळ वाजवत होतो. चष्म्याला सांगितलं. तो काच घासत होता, म्हणाला, "काट्या, पुण्याचं काम केलंस. माझ्या आजोबांना शेवटी शेवटी साखर तोडली होती, मी गुपचूप द्यायचो." मी विचारलं, "मग?" म्हणाला, "मग काय, गेले. पण गोड तोंडाने." आम्ही दोघं हसलो. हे मी लपवणार नाही, हसलो.

त्याच संध्याकाळी जेवताना आईने मासा मोजला, ताटलीत घातला. बाबांनी तो बोटांनी उचलून डाव्या तळहातावर घेतला. दोनदा उडवला. सवयीने. मग थांबले. परत उडवला. काट्याकडे बघितलं, तिथे अजून तीस दिसत होतं. मग मासा ताटलीत ठेवला आणि हात विजारीला पुसला, नीट, एकेक बोट. आणि ते जेवायला लागले. मला वाटलं, सुटलो. हा तळहात पुसण्याचा क्षण मी तेव्हा बघितला, आणि मला तो दिसला नाही. असं होतं का कुणाचं? समोर ठेवलेली गोष्ट दिसायला सहा आठवडे?

मधल्या दिवसांत मला बाबा सुधारल्यासारखे वाटायला लागले. चेहरा भरलाय, आवाज सुटलाय. खरं म्हणजे चेहरा सुजला होता. दुकानात मात्र ते बाकावर बसेनासे झाले. खुर्ची दाराशी नेली. गिऱ्हाईक आलं की "पोराला दाखवा" म्हणायचे. आमचा जुना रद्दीवाला, तो वर्षानुवर्षं बाबांशी पैज लावतो. एक दिवस त्याने कागदाचा गठ्ठा बाबांच्या हातावर ठेवला, "बोला मालक." बाबांनी गठ्ठा तसाच परत त्याच्या हातात दिला. "आता नको रे. पोराच्या काट्यावर टाक." रद्दीवाला म्हणाला, "हरायची भीती वाटायला लागली होय?" बाबा म्हणाले, "हो." मला वाटलं, थकलेत. आजारी माणूस थकतोच. आपल्याला हवं तेवढंच दिसतं, बाकीचं आपण आजारावर टाकतो.

आता परत त्या खोलीत. एकोणतीस. मॅडम चिडल्या नव्हत्या, तेच वाईट होतं. खुर्ची पुढे ओढून आईला म्हणाल्या, "काकू, खरं सांगा, कधी प्रेमाने एखादा तुकडा जास्त जातो का? सगळ्या घरांत जातो." आईची मान ताठ झाली. "मी मोजून देते. काट्यावर. हे समोर बसलेले असतात." मग मॅडमनी बाबांना विचारलं, दुकानात काही खाणं होतं का, चहाबरोबर. बाबा म्हणाले, "बाई, चाळीस वर्षं मी लोकांची मापं खरी करतोय. माझ्याच पोटाशी कशाला खोटं बोलू?" आवाज चढला नव्हता. पण त्यांच्या गळ्याशी एक शीर उडत होती, ती मी कधी बघितली नव्हती. मॅडम हळू म्हणाल्या, "मी खोटं म्हणत नाही काका." आणि लिहिलं काहीतरी. त्या जे लिहीत होत्या ते मी पुसू शकलो असतो, एका वाक्यात. तोंडात जीभ होती. लाकडाची.

तिथून डॉक्टरांकडे. डॉक्टरांनी रिपोर्ट शेजारी शेजारी ठेवले. युरिया वर, फॉस्फरस वर, रक्तातलं आम्ल वर. "पथ्यावर भागेल असं वाटलं होतं," ते म्हणाले, "पण पथ्य पाळूनही हे चढत असेल, तर डायलिसिसची तयारी करून ठेवू. हाताची रोहिणी आणि नीला जोडून ठेवायची. शीर जाड व्हायला दोनअडीच महिने लागतात, आयत्या वेळी धावपळ नको. तुम्ही उजवे ना? मग डावा हात." पुढच्या गुरुवारची तारीख. आईने विचारलं, हाताला त्रास होईल का. "त्या हाताने जड उचलायचं नाही. थोडा थंड पडतो कधी, बोटांना मुंग्या येतात. सवय होते." मी बाबांकडे बघितलं. मला वाटलं, आता म्हणतील, डावा नको. ते बाही सारखी करत होते. "घ्या डावा," म्हणाले. "तसंही त्या हाताला आता काही कळत नाही. आजार हातात उतरलाय. सहाएक आठवडे झाले."

सहा आठवडे.

मला तेव्हा तळहात पुसलेला दिसला. मासा, दोनदा उडवणं, थांबणं, काट्याकडे बघणं, आणि मग एकेक बोट विजारीला पुसणं. हात सांगत होता छत्तीस, काटा सांगत होता तीस, आणि दोघांपैकी एक खोटा होता, आणि काटा मी लावलेला होता. म्हणून हात खोटा. मी त्यांना सहा ग्रॅम मासा दिला आणि त्यांचा हात काढून घेतला. डॉक्टर पुढे काय बोलले मला आठवत नाही. टेबलावर एक पेपरवेट होता, काचेचा, आत निळा बुडबुडा. तो किती असेल, तीनशे, साडेतीनशे. मी सारखा तोच विचार करत होतो.

बसमध्ये तिघं एका बाकावर. घरी आल्यावर आई स्वयंपाकघरातून म्हणाली, "दुकानात बिस्किटं खात असाल तर आत्ताच सांगा." बाबा म्हणाले, "अगं, तू काटा नीट शून्यावर आणतेस का मोजायच्या आधी?" "म्हणजे आता मी शिकायचं मोजायला?" "मी तसं म्हटलं का?" "म्हटलंच की." एवढंच. पण नंतर आई भांडी घासताना नळ उगाच मोठा सोडून उभी होती, आणि बाबा दुसऱ्या खोलीत खिडकीशी बसून डाव्या हाताची मूठ मिटत होते, उघडत होते. माझे आईवडील एकमेकांवर संशय घेत होते आणि मी मधल्या दारात चपला काढत होतो, चपला काढायला जितका वेळ लागतो त्याच्या दहापट.

मी दुकानात पळालो. खरं तर चष्म्याकडे. त्याला सगळं सांगितलं. तो नेहमीसारखा काहीतरी फालतू बोलेल आणि मला जरा बरं वाटेल, असं मला वाटलं होतं. त्याने मशीन बंद केलं. आपला चष्मा काढून शर्टाला पुसला. चष्मा नसला की त्याचा चेहरा अनोळखी दिसतो, झोपेतून उठवलेल्या माणसासारखा. म्हणाला, "काट्या, माझ्याकडे एक म्हातारा येतो. मी एकदा त्याला चुकून दुसऱ्याच नंबरची काच बसवून दिली. तो महिनाभर तीच घालून फिरला. परत का नाही आलात विचारलं, तर म्हणाला, मला वाटलं डोळेच गेले." त्याने चष्मा परत नाकावर चढवला. "लोक आपल्यावर विश्वास ठेवतात रे. स्वतःपेक्षा जास्त. लय वाईट असतं ते." मी म्हटलं, "तूच म्हणालास पुण्याचं काम." "म्हणालो. मी गाढव आहे. पण गाढवाला विचारून काटा फिरवणारा कोण?" मग म्हणाला, "ऊठ. दोन वजनं घे आणि घरी जा. काकांना दुसऱ्या रिपोर्टातून कळायच्या आधी."

मी पाचशेचं आणि शंभरचं घेतलं. तीच दोन. या वेळी रुमालात गुंडाळली नाहीत.

जेवायची वेळ झाली होती. आई मासा मोजत होती, काट्यावर तीस. मी म्हटलं, "आई, थांब." आणि मासा बाजूला काढून पाचशेचं वजन काट्यावर ठेवलं. चारशे सतरा. आई आकड्याकडे बघत राहिली, मग माझ्याकडे. बाबा उठले नाहीत. त्यांनी मानही वर केली नाही, नुसतं विचारलं, "किती दाखवतोय?" मी सांगितलं. मग बाकीचं सांगितलं. पट्टा, भोक, वीस किलोचं वजन, मंगळवारची दुपार. नीट सांगता आलं नाही, मागचं पुढे झालं. वजन ओढल्याच्या आवाजाबद्दलचं तेवढं राहिलं. बाबांनी सगळं ऐकून घेतलं आणि डावा हात पुढे केला. मला वाटलं, मारणार. मारलं असतं तर बरं झालं असतं. "मासा," ते म्हणाले.

आईने मासा त्यांच्या तळहातावर ठेवला. त्यांनी दोनदा उडवला.

"छत्तीस," म्हणाले.

मग परत उडवला, उगाच, आणि परत म्हणाले, "छत्तीस. पहिल्या दिवसापासून छत्तीसच लागत होतं." मासा त्यांनी खाली ठेवला नाही, तसाच हातावर धरला. "मी रोज म्हणायचो, चूक. रोज, ताटावर बसलो की. सहा आठवडे मी याला खोटारडा म्हणत होतो," म्हणजे हाताला. "आज तर हा कापून घ्यायला निघालो होतो." आईने पदर तोंडाला लावला. मी म्हटलं, "बाबा, चुकलो." ते म्हणाले, "चुकलास ते जाऊ दे. मी खंगत होतो ते तुला दिसलं, हे वाईट नाही." आणि मासा ताटलीत ठेवून, "पण बुडाला लावलास."

तेवढंच ते मला बोलले. भांडले नाहीत. तराजू नुसता परत दिला.

जेवण झाल्यावर मला काटा त्यांच्यासमोर खरा लावायला सांगितला. पाचशेला पाचशे. मग दुकानातून तार आणि शिसं आणायला लावलं. वजनमापवाले साहेब तपासलेल्या काट्याला शिशाचं सील मारतात ना, तसं बाबांनी स्वयंपाकघरातल्या त्या टिचभर काट्याला मारलं. तार ओवली, शिसं दाबलं, उजव्या हातात पकड, डाव्यात काटा. आई म्हणाली, "आता याला धुवायचं कसं?" बाबा म्हणाले, "धुवायचं नाही. पूजा करायची." आणि आई हसली, कितीतरी दिवसांनी, त्यांच्याकडे बघून. त्यांची ती बिस्किटांची आणि शून्याची बाब तिथेच मिटली. मला कुणी आत घेतलं नाही त्या हसण्यात. बरोबरच होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी एकटा मॅडमकडे गेलो. त्यांनी ऐकलं आणि कपाळ चोळलं. "चोरून खाऊ घालणारे मी खूप बघितले," म्हणाल्या, "काटाच फिरवणारे तुम्ही पहिले." मग माझ्यासाठी खुर्ची ओढली. मी पट्ट्याबद्दल सांगितलं. त्यांनी मी बरोबर नेलेली वही परत पहिल्या पानापासून वाचली, मासा नाही, बाकीचं. भात किती, लोणी किती, साखर किती. आणि म्हणाल्या, "तुमचा डोळा खरा होता. ते खंगतच होते. पण मासा कमी पडला म्हणून नाही. पथ्य म्हटल्यावर त्यांनी सगळंच कमी केलं. पोटाला सरपण मिळालं नाही की अंग स्वतःचंच मांस जाळतं, आणि त्याचाही कचरा होतो. त्यांना मासा नको होता. लोणी हवं होतं. ते मी कधीच मोजायला सांगितलं नव्हतं." मी ऐकत होतो. लोणी. घरात होतं की. फ्रिजमध्ये, दाराच्या कप्प्यात, सगळे सहा आठवडे.

डॉक्टर चिडले, त्यांचा हक्कच होता. पण गुरुवारची तारीख पुढे ढकलली. महिनाभर खऱ्या काट्यावर, परत कॅन, मग ठरवू. महिना झाला. कॅन बसने गेला. आकडा आला पंचवीस. युरिया उतरला, सगळा नाही. डॉक्टर म्हणाले, "टळलेलं नाही. लांबलंय." बाबांना हेही वाक्य आवडलं. पट्टा अजून नव्या भोकावरच आहे, पण सैल लागत नाही म्हणतात. आणि परवा रद्दीवाल्याने हातावर गठ्ठा ठेवला तेव्हा खुर्ची बाकाशी होती. "तीन किलो एकशे साठ," बाबा म्हणाले. काट्यावर तीन किलो एकशे ऐंशी. रद्दीवाला नाचला, "हरलात." बाबा म्हणाले, "वीस ग्रॅम तुझा दोरा काढ ना, हरामखोरा." दोरा काढला नाही कुणी. मला माहीत आहे, हात आता थोडा चुकतोय. त्यांनाही माहीत असावं. मी काट्याकडे बघितलं आणि जे होतं तेच मोठ्याने वाचलं.

हे सगळं लिहून झाल्यावर आज चष्म्याला वाचून दाखवलं. त्याच्या दुकानात, गिऱ्हाईक नसताना. तो भिंगातून बोटावरची काच बघत ऐकत होता. गाढवाचं वाक्य आलं तेव्हा म्हणाला, "ते राहू दे, खरं आहे." संपल्यावर त्याने काच उलटी करून परत भिंगाखाली धरली. मला वाटलं, आवडलं नाही. मग भिंग खाली ठेवून म्हणाला, "काट्या, एक सांग. आमच्या घरात आहे हे. आजोबांची साखर, माझ्या सख्ख्या काकाची किडनी. माझीही वेळ येईल कधीतरी." मी म्हटलं, "गप बस." "नाही, ऐक. तेव्हा माझा काटा तू लावायचास. आणि मी कितीही तोंड वेंगाडलं, रडलो, दोस्ती काढली, शिव्या दिल्या, तरी एक ग्रॅम इकडचा तिकडे करायचा नाहीस." तो हसत होता, पण चष्मा काढलेला होता.

मी म्हटलं, शब्द दिला. मासा मोजून. लोणी न मोजता.